आठची बॅच

"एक प्रश्न विचारा आणि दोन मिनिटं गप्प बसा," ट्रेनर बाई म्हणाल्या. "मध्ये बोललात तर पुन्हा पहिल्यापासून."

हॉलमध्ये वीस टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाच्या एका बाजूला एक प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला एक विद्यार्थी. पदवीचे विषय आखताना मुलांना सल्ला कसा द्यायचा, याचं प्रशिक्षण चाललं होतं. कॉलेजात प्रत्येक प्राध्यापकाकडे चाळीस मुलं सोपवलेली असत. त्यांच्या सहीशिवाय मुलांचा कुठलाही अर्ज पुढे सरकत नसे.

रसायनशास्त्राचे सर सातव्या टेबलावर होते. सत्तावीस वर्षांची नोकरी. पदवीच्या तीन वर्षांचा रंगीत तक्ता त्यांनी स्वतः आखून विभागाच्या दाराबाहेर लावला होता. कुठला विषय कशाच्या आधी, कुठला कशानंतर, सगळं एका नजरेत. मुलं त्यांना पाठीमागे तक्तेसर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. प्रशिक्षणाची नोटीस आली तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, "आता माशाला पोहायला शिकवणार म्हणे."

समोरची मुलगी दुसऱ्या वर्षाची होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. चेहरा पाहिल्यासारखा वाटत होता, नाव आठवत नव्हतं.

"पुढच्या सत्राला काय घ्यायचं ठरवलंयस?" सरांनी विचारलं.

मुलगी खाली बघत राहिली. दहा सेकंद गेले, पंधरा गेले.

"हे बघ, तुझं गणित जर..."

"सर, पहिल्यापासून," ट्रेनर बाई मागून म्हणाल्या. आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. सरांनी ओठ आवळले आणि भिंतीकडे बघत बसले. वर्गात एवढा वेळ गप्प राहायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

"काहीच नाही," मुलगी शेवटी म्हणाली. "मी कॉलेज सोडतेय. लायब्ररीची पुस्तकं द्यायला आले होते. या बाईंनी दारातच गाठलं. म्हणाल्या, एक जण कमी पडतंय, अर्धा तास बस."

सरांच्या तोंडाशी तीन-चार वाक्यं आली. ती त्यांनी गिळली.

"बाबांचं डायलिसिस असतं," ती म्हणाली. "आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला. आईची कामाची पाळी सहाला सुरू होते, मग त्यांना नेणार कोण? आणि आपलं प्रॅक्टिकल आठला. गेल्या सत्रात माझी हजेरी भरली नाही. याही सत्रात नाही. लेखीला मी पास आहे, सर. वर्गात तिसरी होते. पण प्रॅक्टिकल राहिलं की पुढचा विषय मिळत नाही. तुमच्या तक्त्यातच आहे तसं."

टेबलावरचा टायमर वाजला. सरांनी तो बंद केला आणि खिशातून पेन काढलं.

"अडीचची एक बॅच आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या शाखेच्या मुलांची आहे म्हणून मी तक्त्यात घातली नाही. प्रयोग सगळे तेच. परवानगी मी लिहून देतो." त्यांनी कोऱ्या कागदावर रकाने पाडले आणि विषय पुढे-मागे करून पाहिले. "दोन सत्रं जास्त लागतील. चार वर्षं."

"चार चालतात?"

"पाचसुद्धा चालतात. नियमच आहे तसा."

"मला वाटलं, तीनमध्ये नाही झालं तर संपलं."

सर चिडले. तिच्यावर नव्हे. "कोण आहे तुझा सल्लागार? एवढी साधी गोष्ट त्याने तुला सांगू नये? सोडून कसं जाऊ दिलं त्याने?"

मुलगी गोंधळली. थट्टा तर करत नाहीत ना, म्हणून तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्हीच, सर," ती म्हणाली. "सकाळी सही केलीत ना अर्जावर. मी दारात उभी होते. तुम्ही फोनवर बोलत होतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारच्या टेबलावरचं बोलणं मात्र थांबलं. सरांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

मुलगी तो घेऊन बाहेर गेली. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून तिने आईला फोन लावला. बराच वेळ ती बोलत होती, मग नुसती ऐकत होती. परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"आई म्हणते, चार तर चार. दुपारचं असेल तर जमवू. सर, तो अर्ज परत मिळेल का?"

चहाची सुट्टी झाली होती. सर चहाला न थांबता जिना उतरले आणि ऑफिसच्या खिडकीपाशी गेले. क्लार्क बाईंनी सकाळचा गठ्ठा सोडला, चार-पाच कागद उलटले आणि अर्ज काढून दिला.

"बरं झालं आत्ताच आलात. साडेतीनला वर गेला असता."

सर सहीकडे बघत राहिले. नेहमीसारखी होती, ठसठशीत. कारणाच्या रकान्यात मुलीने 'घरगुती' एवढंच लिहिलं होतं. त्यांनी अर्ज मधोमध फाडला. पण ते खिडकीपासून हलले नाहीत.

"आणखी काही, सर?"

"माझ्या सहीने असे किती गेले असतील हो?"

क्लार्क बाईंनी कपाटाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"या वर्षीचे सांगू, की पहिल्यापासूनचे?"