कोरी चादर

कम्युनिटी कॉलेजच्या मागच्या खोलीत खोट्या खुनाचा देखावा मांडला होता. गुन्हे-तपासाच्या वर्गाची परीक्षा होती, पहिली पाळी ओडेसाची. दारातून आत येताच तिने अंगातला कोट काढला आणि प्रेत म्हणून जमिनीवर ठेवलेल्या पुतळ्यावर पांघरला. वर्गातली पोरं खिदळली. "मावशी, पुतळ्याला थंडी वाजत नाही!" सर निवृत्त पोलीस, ते मात्र भडकले. "कोटाचे धागे चिकटले की पुरावा गेला. नापास!" "माझ्या लेकाला गोळी लागली तेव्हा तो अख्खी दुपार रस्त्यात तसाच पडून होता, सर," ओडेसा म्हणाली. " सगळी गल्ली बघत होती. पोलिसांनी मला कोट टाकू दिला नाही." खिदळणं थांबलं. सरांचा आवाज खाली आला. "आधी फोटो काढायचे, ओडेसाबाई. मग कोरी चादर घालायची. पाकीटबंद असते, तपासाच्या प्रत्येक गाडीत." ओडेसाने कोट उचलला, छातीशी धरला. "त्या दिवशी आमच्या गल्लीत आलेल्या गाडीतही होती का?"