पुडिंगवरचा बर्फ

टोकियोच्या विमानतळावर कुठे काय चांगलं मिळतं, ते मला कुणी शिकवू नये. पुडिंग घ्यावं ते कोपऱ्यातल्या दुकानातलंच. ते नेलं नाही, तर आमचे यजमान कियोहारू मला घरातच घेणार नाहीत.

"घरी पोचायला किती वेळ लागेल?" काउंटरवरच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला. तेवढ्या वेळापुरता बर्फ पुडिंगच्या डब्यात घालून देतात.

"तीन तास. साप्पोरोचं आत्ताचं विमान."

ती बर्फाची पाकिटं रचू लागली. रचतच राहिली. पुडिंग पार गडप झालं.

"अगं, पुडिंग नेतेय मी, मासळी नव्हे!"

"आज त्या विमानाला एवढा लागेल," ती वाकून अदबीने म्हणाली.

मी हसले. माझ्यामागचे आजोबा फुकुओकाला निघाले होते. त्यांनाही तीनच तास लागणार होते. त्यांच्या डब्यात तिने एकच पाकीट टाकलं.

गेटवर पोचले, तर प्रत्येकाच्या मांडीवर त्याच दुकानाची फुगलेली पिशवी.

इतक्यात आमचा वैमानिक आला. "तीन तासांत घरी पोचतोच गं," तो फोनवर हसत सांगत होता. त्याच्याकडचीही पिशवी त्याच दुकानाची होती, आणि ती त्याला एका हाताने पेलवत नव्हती.