परतीची गाडी नसलेलं ठिकाण

गोवा पहिल्याच दिवशी बाद झालं. सांडूनं मोबाईलवर पाहिलं, तर गोव्याहून संध्याकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या सुमारास घरी येऊ शकत होता. हे कारण त्यानं सांगितलं नाही. मासे आपल्याला मानवत नाहीत, एवढंच म्हणाला.

मोहियोद्दीननं मान डोलावली आणि हातातल्या बॅगेला चेन बसवायचं काम पुढं चालू ठेवलं.

शहागंजात दोघांचं बॅगांचं दुकान एकतीस वर्षं भागीदारीत चाललं होतं. सांडू पुढं बसून बोलायचा, मोहियोद्दीन मागं मशीनवर शिवायचा. सांडूनं गोड बोलून विकलेली बॅग दोन महिन्यांत उसवून परत यायची आणि मोहियोद्दीन ती काही न बोलता नीट करून द्यायचा. या पद्धतीची गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती.

फिरायला जायची कल्पना सांडूची. आपण निम्म्या शहराच्या पाठीवर सॅक चढवली, आपल्या पाठीवर कधी घेतली का, असं त्यानं विचारलं. साठीच्या माणसांनी कॉलेजातल्या पोरांसारखं पाठीला बोचकं लावून हिंडावं, हे सांडूच्या बायकोला, द्वारकाबाईंना पटलं नव्हतं. पण नवऱ्याचा खरा हेतू त्यांना ठाऊक होता, म्हणून त्या गप्प बसल्या.

खरा हेतू असा, की सांडू दुकान सोडणार होता. पुण्याच्या मुलानं आईवडलांसाठी वेगळी खोली असलेला फ्लॅट घेतला होता आणि द्वारकाबाईंनी इकडची जास्तीची भांडी शेजारणींना वाटूनही टाकली होती. दिवाळीत निघायचं. फक्त मोहियोद्दीनला सांगायचं राहिलं होतं.

आणि तेच अवघड होतं. मोहियोद्दीन भांडत नसे. तो उठायचा, टोपी घालायचा आणि निघून जायचा. एकदा दुकानाच्या पाटीच्या रंगावरून तो असाच उठून जालन्याला सासुरवाडीला गेला होता आणि अकरा दिवस तिथं राहिला होता. तेवढ्या दिवसांत उसवलेल्या बॅगांचा ढीग छताला लागला होता. म्हणून सांडूला अशी जागा हवी होती, जिथून माणसाला उठून जाताच येणार नाही. पहिला दिवस रागाचा, दुसरा अबोल्याचा, तिसऱ्या दिवशी चहा मागेल. एकतीस वर्षांत हे वेळापत्रक त्याला पाठ झालं होतं.

राग निघाला असता. सांडूला खाणारी गोष्ट दुसरीच होती. मोहियोद्दीनला गिऱ्हाइकाशी बोलता येत नसे. कुणी भाव विचारला, की तो पंख्याकडं बघायचा. पन्नास रुपये कमी करा म्हटलं, तर शंभर कमी करायचा. या माणसाला एकटं टाकून जाणं म्हणजे पाप, असं सांडूला वाटायचं. शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी चालून आली होती, तीही त्यानं याच पायी सोडली होती. घरी मात्र कंपनीनंच नकार दिला असं सांगितलं होतं.

हंपी मोहियोद्दीननं बाद केलं. दगडच बघायचे तर जवळचं वेरूळ काय वाईट आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. मनाली दोघांनी मिळून बाद केलं. जिथं तासातासाला बस सुटते तिथं गर्दी असणार, असं मोहियोद्दीन म्हणाला, आणि सांडूनं एवढ्या जोरात होकार दिला, की दारातलं गिऱ्हाईक दचकलं.

उंच डोंगरातल्या स्पितीचं नाव सॅक घ्यायला आलेल्या एका मुलीनं सुचवलं. तिथं बर्फ पडला की रस्ता चार-चार दिवस बंद होतो, हे ती तक्रारीच्या सुरात सांगत होती. दोघांचेही चेहरे उजळले. पण मोहियोद्दीनला दम्याचा त्रास होता, आणि त्याच्या बायकोनं, गुलशननं, त्या उंचीवर जायला साफ मनाई केली.

शेवटी अंदमान सापडलं. चेन्नईहून जहाज, तीन दिवस नुसतं पाणी.

मोहियोद्दीननं मशीन थांबवली. "बीच में कहीं रुकता क्या?"

"नाय. सरळ समुद्र."

"तो निकालो टिकटां."

शेजारच्या खुलताबादला जायचं म्हटलं तरी आठवडाभर विचार करणारा माणूस इतक्या लवकर तयार झाला, याचं सांडूला नवल वाटलं. सॅक दुकानातल्याच घेतल्या. मोहियोद्दीननं दोन्हींचे पट्टे उसवून पुन्हा शिवले. आपला माल त्याला माहीत होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सांडूला जेवण गेलं नाही. ज्यानं एकतीस वर्षं आपल्या थापा पाठीमागून निस्तरल्या, त्याला भर समुद्रात नेऊन कोंडायचं, हे बरं नव्हे. जे सांगायचं ते जमिनीवरच सांगावं. टोपी घालून गेला तर गेला. जालन्याहून आपणच आणू.

तो मोहियोद्दीनच्या घरी गेला. मोहियोद्दीन केसांच्या कटिंगला गेला होता. गुलशननं चहा दिला, प्रवासाला किती कपडे घेतले ते विचारलं, आणि मग उगाचच दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

सांडूनं कप खाली ठेवला. "भाभी, मला जरा त्याच्याशी बोलायचं हाय."

"उनको भी बोलना है, भाईसाब," गुलशन म्हणाली. "जहाज पे बोलेंगे. तुमी गुस्सा नको करो. हैदराबादला माझा भाऊ पंधरा वरसांपासून बुला रहा, अब ईद के बाद हम हमेशा के लिए निकल रहे. पहलेच चले जाते, लेकिन ये रोज मेरे को एकच बात बोलते, मैं गया तो सांडू का कैसा होगा, उसको तो साधी चेन भी बसाना नहीं आता."