सशाचा पट्टा

बालविज्ञान केंद्रात प्राण्याला हात लावायचा तर आधी मनगटाला पट्टी बांधावी लागे. सशाला जे वाटेल ते त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यातून थेट पट्टीवाल्याला जाणवायचं.

रेवतीने सशाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिची छाती धडधडायला लागली. घाम सुटला. पळून जावंसं वाटलं, पण पाय हलेनात. तिने झटकन हात काढला.

"किती घाबरलाय हा! मी तर नुसतं गोंजारलं."

"वरून हात आला की त्याला घार वाटते," प्राणी सांभाळणाऱ्या कुलसुमताई म्हणाल्या. "म्हणून हात खालून न्यायचा."

"बिचारा. कुणी एवढं घाबरवलंय याला?"

रेवतीची सात वर्षांची मनवा शेजारी गुपचूप उभी होती. ताईंनी सशाचा पट्टा सोडून त्याला पिंजऱ्यात ठेवलं, तेव्हा तिने हळूच विचारलं, "मी घालू?" ताईंनी हसून तो तिच्या गळ्यात बांधला.

"वेडाबाई," म्हणत रेवतीने लेकीच्या केसांवरून फिरवायला हात उचलला. मनवाने डोळे घट्ट मिटले. रेवतीच्या छातीत पुन्हा तीच धडधड, तोच घाम, तेच न हलणारे पाय.

तिने मनगटाची पट्टी ओढून काढली. "तुमचं मशीन बिघडलंय. अजून सशाचंच दाखवतंय."

ससा पिंजऱ्यात निवांत गवत खात होता. कुलसुमताई मनवासमोर खाली बसल्या आणि पट्टा सोडायला त्यांनी हात खालून नेला.

"हो, बिघडलंच असेल," मनवा आईकडे बघत घाईघाईने म्हणाली.