सवतीचा मान

"तिच्या गळ्यात दोर? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही," खाममून म्हातारी पिकअपच्या हौद्यातून म्हणाली, आणि तिने उदबत्तीची राख मुखियाच्या नव्याकोऱ्या गाडीच्या दिशेने झटकली.

मुखिया वानलोप दोर हातात घेऊन तसाच उभा राहिला. समोर मसणटेकडीचा चढ होता. चढ असा, की बकरीसुद्धा पाय टाकण्याआधी विचार करते. पायथ्याशी इन्ताचा पिवळा पिकअप उभा होता. दोन माणसांची केबिन, खाटेएवढा हौदा, आणि हौद्यात खुद्द इन्ता, शवपेटीत. पेटी हौद्यापेक्षा हातभर लांब, म्हणून मागचा फाळका खाली सोडलेला.

इन्ताने ह्या गाडीला जन्मभर 'धाकटी' म्हटलं. थोरली अर्थात खाममून. ती गाडीला सवत म्हणायची. "सणासुदीला आधी तिच्या अंगाला तेल, मग माझ्या अंगाला नवं कापड," असं बाजारात भेटेल त्याला सांगायची. तक्रारीत तथ्य होतं. पण धाकटीही काही कमी नव्हती. एका वर्षी इन्ताने लिचीच्या एवढ्या पेट्या लादल्या की पुढची चाकं जमिनीला टेकेनात. तो तसाच, गाडीचं नाक आभाळात करून, बाजारापर्यंत गेला. भर चिखलातून जाऊनही पुढच्या चाकांना थेंब लागला नाही, असं गाव सांगतं. खोटं असेल तर पाप गावाला.

"मावशी, तिचा पहिला गिअर कधीच गेलाय," वानलोप म्हणाला. "मध्येच बंद पडली तर काका घरंगळत परत घरी येतील. माझ्या गाडीला बांधू, चुटकीसरशी वर नेतो."

"तुझी ही बया भाताच्या खाचरात रुतली होती, तेव्हा कुणी ओढली?"

गर्दीत कुणीतरी खोकलं.

"धाकटीनं," म्हातारीनेच उत्तर दिलं. "दोर हाच होता. फक्त गळा तुझ्या गाडीचा होता."

वानलोपने दोर पाठीमागे घेतला, पण टाकला नाही.

स्टिअरिंगवर इन्ताची मुलगी सूपिन होती. "आई, रिव्हर्समध्ये घेते," ती म्हणाली. "बाबा असंच चढवायचे."

रिव्हर्स हा धाकटीचा सगळ्यात दांडगा गिअर. शिवाय सरळ चढवली असती तर पेटी उघड्या फाळक्यातून खाली सरकली असती. सूपिनने गाडी वळवली, पाठ चढाकडे केली. पेटीला बांधलेला पांढरा दोरा हातात धरून भिक्खू पुढे चालू लागले.

अडचण एकच होती. मागचं काही म्हणता काही दिसत नव्हतं. मागच्या काचेच्या जागी प्लास्टिकचा मळका कागद, कागदामागे पेटी, पेटीवर फुलांचा ढीग. एक आरसा म्हशीने फोडलेला, दुसऱ्यात नुसतं आभाळ. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल ओढा.

मेलेल्याला वाट सांगत न्यायची असते, नाहीतर जीव मध्येच कुठेतरी अडकून राहतो. म्हणून घरून निघाल्यापासून म्हातारी पेटीवर हात ठेवून सांगत होती, "अहो, पूल आला हं." "अहो, दारूचं दुकान आलं, तिकडे बघू नका." आता चढ लागला.

"अहो, ओढ्याकडे फार चाललात. कड्याकडे घ्या."

धाकटी कड्याकडे सरकली.

"एवढं नको. दगड आहे. हां, सरळ."

धाकटी सरळ झाली. खालून गाव श्वास रोखून बघत होतं. निम्म्या चढावर इंजिनने आचके दिले, आणि वानलोप दोर सोडवत पुढे धावला.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अहो, चोक ओढा," ती पेटीला म्हणाली. "आणि पाय आपटू नका. दुखतं तिला."

आत सूपिनने चोक ओढला, पाय हलका केला. धाकटी शिंकली. मग तिने असा काळा धूर सोडला की पुढचे भिक्खू ढगात दिसेनासे झाले. नुसते मंत्र ऐकू येत राहिले, तेही खोकत. ढग विरला तेव्हा धाकटी टेकडीच्या माथ्यावर होती, आणि इन्ता गाडीच्याही आधी पोचला होता.

वानलोप धापा टाकत वर आला. दोर आता त्याच्या सदऱ्याच्या आत होता, पोट वाढल्यासारखं दिसत होतं.

"सूपिन, मागचं दिसत नव्हतं, मग चालवलीस कशी?"

"मी कुठे चालवली, दादा? आई बाबांना सांगत होती, मी ऐकत होते."

"पन्नास वर्षं सांगत होते," म्हातारी फाळक्यावरून उतरत म्हणाली. "इकडे घ्या, तिकडे घ्या. एकदा ऐकलं नाही ह्या माणसानं. आज ऐकलं."

चौघांनी पेटी उचलली. ओझं उतरताच मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले आणि धाकटी ताठ उभी राहिली.

सगळे पेटीमागे निघाले. म्हातारी मात्र आधी वळसा घालून गाडीच्या पुढे आली. खांद्यावरचा पांढरा शेला काढला, एक दिवा पुसला, मग दुसरा. काच लखलखेपर्यंत पुसत राहिली.

"उतरताना तोंड पुढे करून उतर गं," ती हळूच म्हणाली. "सगळं गाव बघतंय."