सयाजी नावाचं वायफाय

विकायला काढलेली शिलाई मशीन. बारशाचे हवा गेलेले फुगे. मोबाइलवर उमटलेली वायफायची खूण.

मशीन बघायला राजेश्वरी कुंडलहून माधवनगरच्या या अनोळखी घरात पहिल्यांदाच आली होती. टेकते न टेकते तोच तिचा फोन तिथल्या वायफायला आपसूक जोडला गेला. नाव तिच्या घरच्यासारखंच, 'सयाजी'.

"आवं ताई, तुमच्या वायफायचं नावबी सयाजीच?" तिनं हसून विचारलं.

"व्हय की! आमच्या ह्यांना वडलांच्या नावाचं लय वेड. बाळाचंबी तेच ठिवलंय," पाळणा हलवत घरातली बाई म्हणाली.

नाव काय, चार घरांत एकच असतं, राजेश्वरीनं मनाला समजावलं. पण पासवर्डही तोच असल्याशिवाय फोन जोडला जात नाही.



कुंडलच्या घरी वायफाय बसवलं, तेव्हा राजेश्वरीच्या नवऱ्यानं पासवर्ड म्हणून दोघांच्या लग्नाची तारीख टाकली होती.