आज्याची कढई

घराची मागची भिंत बसली, तेव्हा उकंडराव हळद शिजवायच्या कढईकडं बघत नव्हता. मुद्दामच बघत नव्हता. पण सहा वर्षांच्या नातीनं, आरोहीनं, बराबर तिकडंच बोट केलं.

"आबा, कढई! तुमच्या आजोबांची कढई!"

शेतातल्या आखाड्यावरच्या या घरात तिघंच होते: तो, बायको मंजुळाबाई आणि नात. लेक अन् सून सकाळी वसमतला गेले ते तिकडंच अडकले. दुपारून आभाळ असं फाटलं की वरच्या अंगाचा तलाव फुटला, आणि उन्हाळ्यात शेळीचा खूर बुडत नाही असा ओढा बांध ओलांडून अंगणात येऊन बसला. उकंडरावनं बैलांची दावी आधीच कापली होती. ते पोहत जाऊन कुरुंद्याच्या सडकेच्या भरावावर उभे होते. एकाच वावराचं अंतर. मधली कमरेएवढी हळद कुठं दिसत नव्हती. नातीला खांद्यावर घेऊन त्यानं एकदा उतरून पाहिलं. पाण्यानं पाय उचलले तसा माघारी आला. आता मागची भिंत गेली होती. पुढचीही मातीचीच होती.

कढई ओसरीत होती, कांद्यांनी भरलेली. चार माणसांशिवाय न हलणारं ते लोखंड पाण्यात हळूहळू डुलायला लागलं होतं.

निजामाच्या राज्यात उकंडरावच्या आज्यानं म्हणे याच कढईत नवी नवरी बसवून पूर पार केला होता. नवरीच्या लुगड्याला थेंब लागला नाही. वाटेत मगर आडवी आली, पण हळदीच्या वासानं तिला अशी शिंक आली की ती तोंड फिरवून निघून गेली. ही गोष्ट उकंडरावनं पाव्हण्यांना सांगितली होती, हळद काढायला येणाऱ्या बायांना सांगितली होती, एस.टी.च्या कंडक्टरला तिकीट फाडता फाडता सांगितली होती. खरं एवढंच होतं, की कढई वसमतच्या बाजारातून भंगारवाल्याकडून आणलेली, आणि चौघांनी गाडीत चढवताना तिची एक कडी मंजुळाबाईनं धरली होती. म्हातारा गोष्ट रंगवायला लागला की मंजुळाबाई भाकरी जोरात थापायची.

पुढच्या भिंतीतून मूठभर माती गळाली. मंजुळाबाईनं दोन्ही हातांनी कांदे उपसायला सुरुवात केली.

"बस," उकंडराव म्हणाला. "लेकराला मांडीत घे."

"अन् तुमी?"

"तिसरं माणूस चढलं तर बुडंल ती."

"अवो, पण—"

"बस म्हणतो ना!"

त्यानं कढई अंगणात ढकलली. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला, मग पायाखालची जमीनच गेली. मागं काहीतरी धप्पकन बसलं. त्यानं वळून पाहिलं नाही. एका हातानं कडी धरून तो दुसऱ्यानं पाणी मारत राहिला. कढई थोडी सडकेकडं सरकायची, थोडी ओढ्याकडं.

"आजी, खालून पाणी येऊन राहिलं!"

तेव्हा त्याला आठवलं. शिमग्याला हळद शिजवताना बुडाला भोक पडलं होतं, आणि मंजुळाबाईनं ज्वारीचं पीठ चुन्यात मळून ते बुजवलं होतं. चुलाणाच्या जाळावर ते पीठ भाजून दगड होतं. गार पाण्यात त्याची आंबील व्हायला कितीसा वेळ?

त्यानं मंजुळाबाईकडं पाहिलं. पीठ तिनंच मळलेलं, तिला सांगायची गरज नव्हती. तिनं टाच भोकावर ठेवली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. भोकाची धार टाचेत रुतली, कढईच्या बुडातलं पाणी तांबूस झालं, पण वाढायचं थांबलं.

आरोही भेदरून उठायला गेली. कढई कलली, कड पाण्याला टेकली.

"हलू नको!" उकंडराव ओरडला. लेकरू रडायला लागलं, आणखीच हलायला लागलं. मग त्यानं आवाज खाली आणला. "आरू, त्या नवरीनं काय केलं व्हतं? सांग बरं."

"हलली न्हाई."

"काहून?"

"हलली की कढई कलंडती."

"अन् मगर?"

"शिंकली." नाक ओढत ती आजीच्या मांडीत बसली. अगदी नवरीसारखी, गुडघे जवळ घेऊन.

बांधावरची बाभळ मुळासकट शेजारून निघून गेली. सडक होती तेवढीच लांब दिसत होती. बैल अजून भरावावरच उभे होते, तोंडं इकडं करून.

"आबा, तुमचे आजोबा कुठं बसले व्हते?"

इतकी वर्षं गोष्ट सांगितली, मगरीला शिंकही आणली, पण आज्याला कुठं बसवायचं ते राहूनच गेलं होतं. उकंडरावनं कडीकडं पाहिलं. बोटं तिथं आहेत की नाही, ते आता बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

"भायेर," तो म्हणाला. "कडी धरून."

"मग ते पोचले का पलीकडं?"

त्यानं तोंड उघडलं, आणि गढूळ पाणी आत गेलं.

मंजुळाबाई टाच न हलवता पुढं वाकली. पदर पिळून तिनं त्याच्या मनगटाला दोन वेढे दिले, गाठ मारली, आणि उरलेला पीळ आपल्या मुठीत घट्ट धरला.

"पोचले की," ती नातीला म्हणाली. नजर मात्र म्हाताऱ्यावर होती. "मला त्या नवरीनंच सांगितलं. पलीकडं पाय लागंस्तोर त्यांनी कडी सोडली न्हाई म्हणे."